मदत हवी आहे: टोरांटो हस्कीजचा १९४६-४७चा हंगाम

टोरांटोकर मंडळी, लेकाच्या बास्केटबॉल क्लबच्या भित्तिपत्रकासाठी हस्कीज या तुमच्याकडच्या जुन्या बास्केटबॉल संघावर लिहितोय. १ नोव्हेंबर १९४६ला मेपल लीफ गार्डन्समध्ये ते न्यूयॉर्क निकरबॉकर्सकडून ६६-६८ असे हरले. एनबीएचा (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) पहिला सामना म्हणून आज हाच धरतात. हस्कीजचा सहा फूट आठ इंची खेळाडू जॉर्ज नॉस्ट्रँड याच्यापेक्षा उंच असाल तर तिकीट फुकट, अशी जाहिरात होती! (आमच्या घरचे सगळे पैसे भरूनच आत गेले असते.) पुढे एकाच हंगामात चार प्रशिक्षक, २२ विजय, ३८ पराभव, आणि संघ बंद.

आकडे मिळाले, पण त्यावर मुलं काय वाचणार? मला ती जाहिरात हवी आहे. तिथल्या ग्रंथालयात तेव्हाची वर्तमानपत्रं बघायला सभासदत्व लागतं का? कुणी जाऊन फोटो काढून पाठवेल का?