मातांना बालपोषण शिकवायला समाजमाध्यमे पुरेशी आहेत का?

रानजाई:
सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर स्तनपान चालू ठेवून घट्टसर वरचे अन्न, हे अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. बाळाला छातीशी नेमके कसे धरावे, हे तोंडी सांगून कळत नाही. ते पाहावे लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने अशा ध्वनिचित्रफिती मराठीतही केल्या आहेत. त्या व्हॉट्सॲपवरून घरोघरी गेल्या, तर आई त्या पुन्हा पाहू शकेल आणि सासूबाईंनाही दाखवू शकेल.

डोंगरवाट:
आपण दिलेल्या सर्वेक्षणातच देशातील केवळ ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे म्हटले आहे. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. शिवाय पहाटे मजुरीला निघणारी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी जव्हार-मोखाड्याची आई मऊ वरणभात दिवसातून तीन-चार वेळा भरवावा हे जाणत नाही, असे आपण गृहीत धरता. तिच्याकडे वेळ नसतो आणि बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. ही अडचण कोणत्या चित्रफितीने सुटणार?

रानजाई:
मजुरीचा प्रश्न चित्रफितीने सुटणार नाही, हे मान्य. पण ते आकडे जुने आहेत आणि मोबाइल त्यानंतर बराच पसरला आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पावरी किंवा कोरकू या आदिवासी भाषांतला ध्वनिसंदेश छापील पत्रकापेक्षा निश्चितच बरा.

निशिगंध:
मला धास्ती वेगळीच आहे. बाळाच्या दुधाच्या भुकटीची व दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराची जाहिरात आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि २००३ मधील दुरुस्तीने बंद आहे. परंतु पडद्यावरची एखादी गोड बोलणारी आई तोच डबा ‘स्वानुभव’ म्हणून दाखवते, तेव्हा ती जाहिरात आहे हे ओळखायचे कसे? भुकटीच्या कंपन्या समाजमाध्यमांना आणि तेथील प्रभावी व्यक्तींना पैसे देऊन गर्भवतींपर्यंत पोहोचतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्येच सांगितले आहे. नवजात बाळाला मध चाटवण्याचा सल्लाही तेथेच मिळतो, आणि एक वर्षाखालील बाळाला मध घातक ठरू शकतो. सरकारी चित्रफीत या गर्दीत किती काळ टिकणार?

डोंगरवाट:
वाढीबाबत तर हे माध्यम उलट दिशाभूल करते. पडद्यावरचे गुटगुटीत बाळ पाहून आई आपल्या बाळाला कमी लेखते किंवा बाळ हसते-खेळते म्हणून निर्धास्त राहते. वाढ कळते ती दर महिन्याच्या वजनाने, उंचीने आणि वाढीच्या कार्डावरच्या रेषेने.

रानजाई:
म्हणूनच मी दंडघेराच्या पट्टीचा आग्रह धरते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टी लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, दाखवते. ती कशी लावायची, हे आई चित्रफीत पाहून शिकू शकते. अनेक देशांत मातांना ही पट्टी वापरायला शिकवलेही गेले आहे.

डोंगरवाट:
मग आधी पट्ट्या वाटा आणि चित्रफीत त्यानंतर पाठवा. लाल रंग दिसल्यावर बाळाला गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात न्यायचे की रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी कोण देणार, हेही त्याच चित्रफितीत सांगावे लागेल.