मदत हवी आहे: लॉनखाली बोगदे, रोज सकाळी मातीचे ढीग (नेरूळ)

नमस्कार मंडळी,

नेरूळला तळमजल्यावर राहतो. सोसायटीच्या बागेचं खातं कमिटीत कुणी घेत नव्हतं, ते माझ्या गळ्यात पडलंय. पाऊस सुरू झाल्यापासून लॉनची पार वाट लागली आहे. कंपाऊंड वॉलच्या कडेने रोज सकाळी भुसभुशीत मातीचे ताजे ढीग. काहींशेजारी मूठ जाईल एवढं बीळ, काहींचं तोंड आतूनच मातीने बुजवलेलं. वरून गवत हिरवंगार दिसतं, पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. पेव्हर ब्लॉकची एक ओळ खचली, अळूचे कंद कुरतडलेत.

यूट्यूबवर शोधलं तर जिकडेतिकडे अमेरिकेतले 'मोल' (जमिनीखाली बोगदे खणणारा छोटा प्राणी) आणि त्यांना पळवायला एरंडेल फवारायचा सल्ला. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, "बिळात गोळ्या टाकतो साहेब, एका रात्रीत काम होईल." कसल्या गोळ्या, ते सांगेना. लॉनवर पोरं खेळतात, मांजरं आहेत, आणि एक बीळ तर माझ्या बेडरूमच्या खिडकीखालीच आहे.

हा प्राणी नक्की कोणता? गोळ्यांना हो म्हणू का?

प्रतिसाद १

घूस आहे, दुसरं काही नाही. मोल आपल्याकडे होतच नाही. भारतात तो पूर्व हिमालय आणि ईशान्येकडे सापडतो. शिवाय तो गांडुळं-किडे खाणारा, अळूला तोंड लावणार नाही. चिचुंद्रीही किडेच खाते, तिच्यावर संशय नको. कंद कुरतडणं, माती उपसून ढीग करणं, बिळाचं तोंड बुजवणं ही सगळी घुशीची कामं. एरंडेलाचे पैसे वाचवा.

प्रतिसाद २

गोळ्यांना ठाम नाही म्हणा! बिळात टाकायच्या गोळ्या म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ओल लागली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, आणि तो भेगांतून, डक्टमधून घरात शिरू शकतो. त्यावर उतारा नाही. घरगुती वापरासाठी ते नाहीच. तुमच्या खिडकीखाली तर विचारही नको. कंत्राटदार औषधाचं नाव सांगत नसेल तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

प्रतिसाद ३

आमच्याकडे घोडबंदरला हाच ताप होता. आधी चालू बिळं शोधा: संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवा, सकाळी जी उघडी दिसतील तिथे वस्ती आहे. तिथेच पिंजरा, भिंतीला लागून. आमिषाला सुकं बोंबील किंवा भजी. पहिले काही दिवस दार उघडंच बांधून ठेवून नुसतं खायला घाला, घूस नव्या वस्तूला बिचकते.

पण खरं कारण बागेत नसतं हो. आमच्या घुशी ड्रेनेजच्या फुटक्या चेंबरमधून येत होत्या आणि मांजरांसाठी रात्रभर ठेवलेल्या भातावर पोसल्या जात होत्या. चेंबर सिमेंटने बुजवला, जाळी बसवली, भाताची थाळी रात्री उचलायला लावली (यावरून जनरल बॉडीत जे रामायण झालं ते वेगळंच). मग पिंजऱ्याला अर्थ आला. त्याआधी एक पकडली की दुसरी हजर.

ब्रोमॅडिओलोनची (उंदीर-घुशी मारायचं विष) वडी वापरायचीच झाली तर कुलूपबंद पेटीतून. मेलेली घूस मांजराने किंवा घुबडाने खाल्ली तर विष त्यांच्याही पोटात जातं.

आणि माळीबुवांना गमबूट, हातमोजे द्या. घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) पसरतो, पावसाळ्यात पायाला जखम असेल तर जास्तच धोका. ताप आला तर डॉक्टरांना बागकामाचं आवर्जून सांगा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. कंत्राटदाराला नाही कळवलंय. मागच्या बाजूला एका चेंबरचं झाकण अर्धं तुटलेलं आहे, प्लंबरला उद्या बोलावलाय. पिंजऱ्यात सापडली तर करायचं काय? शेजारचे काका म्हणतात, खाडीकडे नेऊन सोडा.

प्रतिसाद ३

नको, दुसऱ्या कुणाच्या तरी चेंबरमध्ये शिरेल. पिंजऱ्याला हात लावायच्या आधी महापालिकेच्या विभाग कार्यालयात मूषक नियंत्रणाचं विचारून ठेवा. चेंबरचं काम झालं की इथे लिहा.