दादाच्या दाव्याचा खर्च आईच्या वाट्यातूनही कापायचा?

सहकारनगरातलं बैठं घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. मृत्युपत्र नाही. वारस चार: आई, दोन भाऊ आणि मी. थोरल्या दादाने शिवाजीनगर कोर्टात वाटपाचा दावा लावला. सहा वर्षांनी आता तडजोडीवर आलोय. रविवारी त्याने वही पुढे ठेवली. निळ्या शाईत तारीखवार सगळं, अगदी ‘झेरॉक्स ४५’सुद्धा. बेरीज ४,८६,०००: वकील ३,१०,०००, कोर्ट फी ९२,०००, कोर्टाने पाहणीला नेमलेला कमिशनर व मोजणी ३८,०००, घरपट्टी ४६,०००. म्हणतो, "घर सगळ्यांचं, खर्चही सगळ्यांचा. प्रत्येकी १,२१,५००." माझ्या वकिलाची फी मी वेगळी भरलीच आहे. माझं एक वेळ सोडा, पण आई ७८ वर्षांची आहे. वही बघून ती नुसती पदराने चष्मा पुसत बसली. हे कायद्याने बरोबर आहे का?

उत्तर १ (दिवाणी वकिली करतो)
ताई, बेरजेला चारने भागून चालत नाही. ज्याने जो वकील लावला त्याची फी त्याची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च कोणी द्यायचा, कुठल्या मिळकतीतून द्यायचा, हे कोर्ट ठरवतं. घरातल्या वाटपाच्या दाव्यात बहुतेकदा ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’ असंच येतं. कमिशनर आणि मोजणी मात्र सगळ्यांसाठी झाली, ती हिश्श्याप्रमाणे. घरपट्टीचंही तसंच. म्हणजे ८४,००० चे चार भाग, प्रत्येकी २१,०००.

कोर्ट फीची रक्कम तर वहीतून काढायलाच सांगा. तडजोड लोक अदालतीत नोंदवली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि ती दादालाच मिळणार.

एक मात्र सांभाळा. तडजोड पुरसीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही केलीत की त्यात लिहिलेलं बांधील. खर्चाचं कलम आईंना मोठ्याने वाचून दाखवा, मगच अंगठा किंवा सही.

उत्तर २
घरात एवढी वर्षं राहतंय कोण? भाडं येतं का? आमच्या नारायण पेठेतल्या वाटपात भावाने घरपट्टीच्या पावत्या काढल्या, तेव्हा आम्ही दुकानाच्या भाड्याचा हिशेब मागितला. घरपट्टी सगळ्यांची तर भाडंही सगळ्यांचं.

मूळ प्रश्नकर्ती
मागच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना दिल्यात. भाडं दादा घेतो. वहीत त्याची एकही ओळ नाही, आणि मलाही इतकी वर्षं विचारायचं सुचलं नाही.

दादावर राग नाही माझा. तारखांना रजा टाकून तोच धावला, हे मी विसरणार नाही. माझे २१,००० मी लगेच देते. आईचेही मीच भरेन, तिच्या वाट्याला हात लावायचा नाही. पण शनिवारी बसू तेव्हा भाड्याचं पान आधी उघडायला सांगणार आहे.

उत्तर १
भाडेकरार मागून घ्या. आणि आईंनाही बैठकीला बसवा, आतल्या खोलीत ठेवू नका.