सहा महिन्यांनंतरही हात सुधारू शकतो

पक्षाघाताला सहा महिने उलटले की हातात जेवढं बळ आलं तेवढंच, पुढे विजेचं यंत्र लावूनही काही होत नाही, असं बरेच जण म्हणतात. हे मला पटत नाही. 2021 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या 108 रुग्णांची चाचणी आली. त्यात घेतलेले सगळे रुग्ण झटका येऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेले होते. छातीत पेसमेकरसारखं छोटं यंत्र बसवून त्याची तार मानेतल्या व्हेगस नर्व्हला, म्हणजे मेंदूपासून छाती-पोटाकडे जाणाऱ्या नसेला, जोडतात. रुग्णानं हात पुढे नेला, वस्तू उचलली, की थेरपिस्ट त्याच क्षणी बटण दाबतो आणि अर्धा सेकंद सौम्य प्रवाह जातो. मेंदूला जणू खूण मिळते, 'ही हालचाल लक्षात ठेव.' यंत्र दोन्ही गटांना बसवलं होतं, खरा प्रवाह मात्र एकालाच. क्लिनिकमधले सहा आठवडे संपल्यावर तीन महिन्यांनी खरा प्रवाह मिळालेल्या गटातल्या 47 टक्के लोकांत ठळक सुधारणा दिसली, दुसऱ्यात 24 टक्के.

त्या 24 टक्क्यांकडेही बघा. त्यांना मिळाला तो नुसता कसून केलेला व्यायाम, एकेका सत्रात शेकडो वेळा तीच हालचाल. माझ्या बाबांना सात महिन्यांनी 'आता राहू द्या' असं सांगितलं गेलं आणि आम्ही व्यायाम थांबवला. वर्षभरानं कपड्यांचे चिमटे आणि वाटीतले राजमे घेऊन पुन्हा सुरू केला. आता ते शर्टाची बटणं स्वतः लावतात. मधलं ते वर्ष वाया गेलं, याचं फार वाईट वाटतं.