ब्रुअरी विकली गेली, माझ्या दादर ज्वारीचे पैसे आता कोणाकडे मागायचे?

चोपडेकर_शेती
राम राम मंडळी. पुण्याकडची एक छोटी क्राफ्ट ब्रुअरी (बिअर बनवणारा छोटा कारखाना) आहे, नाव टाकत नाही. तीन वर्षांपासून आपली दादर ज्वारी त्यांना देतोय, तिची ते एक वेगळी बिअर काढायचे. करार वगैरे काही नाही, सगळं तिथल्या ब्रुअरशी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या माणसाशी, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. एप्रिलमध्ये 22 क्विंटल पाठवली, काट्याची पावती आहे, पैसे अजून नाहीत आणि आता कळलं की मालकांनी धंदाच दुसऱ्यांना विकला. नवीन माणूस फोनवर म्हणतो "जुना हिशोब जुन्यांना विचारा", जुने फोन उचलत नाहीत. पोळा झाला, पेरणी डोक्यावर आली, दादर पेरू की हरभरा टाकू तेही ठरेना. कोणाला अनुभव आहे का?

जळगावचा_सीए
भाऊ, आधी हे बघ की विकलं काय. कंपनीचे शेअर विकले असतील तर कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलले, तुझी उधारी तिच्याच डोक्यावर, नवीन माणूस हात झटकू शकत नाही. पण नुसती यंत्रं, जागा आणि ब्रँड विकला असेल तर उधारी जुन्या कंपनीकडेच राहते, नवीन लोकांनी करारात ती अंगावर घेतली असली तरच ते देतील. बिलावर नाव कोणाचं, आधीचे पैसे कोणत्या खात्यातून आले ते काढ, मग ते नाव एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर टाक, डायरेक्टर नाहीतर पार्टनर कोण ते दिसतं. आणि दारूचं लायसन असं खिशातून खिशात जात नाही, एक्साइजची परवानगी लागते, वेळ जातो. तेवढ्यात दोघांनाही स्पीड पोस्टाने लेखी मागणी टाकून दे. 45 दिवसांत पैसे वाला नियम कोणी सांगेल, तो उद्यम नोंदणीवाल्या छोट्या उद्योगांसाठी आहे, नुसती शेती त्यात बसत नाही. पण दावा लावायला तीन वर्षं असतात, घाबरू नको.

भुसावळी_भो
काय भो, आपण कळण्याची भाकरी खायची आणि पुणेकरांनी आपली दादर प्यायची 😂 बिअरमध्ये ज्वारी चालते तरी का?

माल्ट_आणि_मी
चालते, पण काम वाढतं. मी नाशिकला एका ब्रुअरीत होतो. ज्वारीचा स्टार्च सुटायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं म्हणून ती आधी वेगळ्या भांड्यात शिजवायची, मग बार्लीच्या माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या बार्लीत) ओतायची. त्यात गाळताना बार्लीची सालच चाळणीचं काम करते, ज्वारीला तशी साल नाही, प्रमाण थोडं चुकलं की सगळं गच्च बसतं आणि माणूस पहाटेपर्यंत फावडं घेऊन उभा. नवीन मालक पहिला हिशोब यावरच करतो, एवढे हाल कशाला म्हणून. म्हणून मालकापेक्षा तो ब्रुअर राहतोय का ते विचार. तो गेला तर तुझी दादर गेली समज.

मालक बदलला की सगळं बुडतंच असं पण नाही. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी 1896 ची, 1965 ला बंद पडायच्या बेतात होती तेव्हा फ्रिट्झ मेटॅगने घेतली आणि तिचं सोनं केलं. मग 2017 ला जपानच्या सप्पोरो बिअर कंपनीने घेतली, 2023 ला बंदच करून टाकली. 2024 ला चोबानी दहीवाल्या हमदी उलुकायाने विकत घेतली. त्यामुळे कोण घेतोय हे बघायचं.

नंदुरबार_९९
दादर पेर रे बिनधास्त. दाणा नाही गेला तरी कडबा कुठे जातो? हरभऱ्याच्या भुशाला तेवढा भाव आहे का?

चोपडेकर_शेती
सगळ्यांचे आभार, सीए भाऊंचे जास्त. आधीचे पैसे एका एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी फर्मच्या) खात्यातून आलेत, साइटवर बघितलं तर जुन्या दोघांचीच नावं आहेत अजून. ब्रुअरला पण फोन लावला, तो या महिन्याअखेर सोडतोय, पण माल मिळाल्याचं मेलवर लिहून देतो म्हणाला, त्याची स्वतःची पण एका महिन्याची पगारी अडकलीय म्हणे. तो मेल आला की पत्र टाकतो. पेरणीचं म्हणाल तर कडब्यासाठी शेजारी आत्ताच विचारून गेला, अजून बी पण घरातच आहे.