मदत हवी आहे : बाबांना न्यूमोनियाची लस घ्यायला कसे तयार करावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडला राहतो. माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. उतारवय आणि मधुमेह असताना न्यूमोकॉकस या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया अधिक गंभीर होऊ शकतो, म्हणून त्यांनी लस घ्यावी असे मला मनापासून वाटते. पण वर्षभर सांगूनही ते तयार होत नाहीत.

बाबा लसींच्या विरोधात मुळीच नाहीत. मार्च २०२१मध्ये साठीपुढच्यांना कोविडची लस मिळू लागली, तेव्हा सोसायटीतल्या सगळ्या मंडळींबरोबर तेही उन्हात रांगेत उभे राहिले होते. नातवाला न्यूमोकॉकलचे दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांचे तिन्ही डोस पालिकेच्या दवाखान्यात त्यांनीच नेऊन दिले. बहुधा त्यामुळेच ही लस लहान मुलांची, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. सरकार ती मुलांना फुकट देते आणि म्हाताऱ्यांना देत नाही, तेव्हा म्हाताऱ्यांना तिची गरज नसणार, असे ते म्हणतात. अमेरिकेत २०२४ साली या लसीसाठीची वयोमर्यादा ६५वरून ५०वर आणली, हे सांगून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेजारच्या काकूंना लस घेऊनही न्यूमोनिया झाला, हे त्यांचे दुसरे कारण. न्यूमोनिया अनेक जंतूंमुळे होतो आणि ही लस न्यूमोकॉकसच्या ठरावीक प्रकारांपुरतीच असते, हे मी त्यांना समजावले. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८४,५०० लोकांवर झालेल्या चाचणीत लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया साधारण ४५ टक्क्यांनी, तर त्याच प्रकारांचा रक्तापर्यंत पोहोचणारा गंभीर संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी झाला होता. बाबांनी हे आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "माझ्यावर आता कशाला एवढा खर्च?" खासगीत या लसीला काही हजार रुपये लागतात हे खरे आहे, पण त्यांचे ते वाक्य मला फार लागले.

तरीही खरी अडचण मला वेगळीच वाटते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हा विषय स्वतःहून कधीच काढलेला नाही. गेल्या खेपेस मी मुद्दाम विचारले, तर ते म्हणाले, "घ्यायची असेल तर घ्या." बाबांनी त्यातला 'तर' तेवढा लक्षात ठेवला. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी ते एक दिवसही चुकवत नाहीत. लसही तशीच चिठ्ठीवर लिहून आली असती, तर ही वर्षभराची चर्चा लागलीच नसती, अशी माझी खात्री आहे. आईचा निर्णयही बाबांवरच अवलंबून आहे. ते घेतील तेव्हा तीही घेईल.

ज्यांच्या घरातले ज्येष्ठ आधी नकार देऊन नंतर तयार झाले, त्यांनी कृपया सांगावे की नेमके कशामुळे त्यांचे मन वळले. तसेच तेरा प्रकारांची लस आधी घेऊन वर्षभराने तेवीस प्रकारांची घ्यायची, की वीस प्रकारांची एकच घेऊन मोकळे व्हायचे, यांपैकी तुमच्या डॉक्टरांनी काय सुचवले? दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यायला बाबा येतील असे मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात त्यांची साखरेची तपासणी आहे. त्याआधी मी डॉक्टरांना एकटीने भेटून, तुम्हीच त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, अशी विनंती करावी का? बाबांना ते नंतर कळले तर त्यांना वाईट वाटेल, ही एकच भीती मला आहे.