शब्दचर्चा : ख्रिस्ती मराठीतले 'तारण', 'दया' आणि 'खंडणी'

शनिवारपेठी
मुद्रितशोधनाचं काम करतो. सध्या टेबलावर पुण्यातल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाची स्मरणपुस्तिका आहे. आजोबांच्या प्रार्थना, त्यांची आवडती वचनं, नातवंडांच्या आठवणी. भाषा जुन्या वळणाची आणि गोड आहे, पण तीन शब्दांवर पेन्सिल अडली.

'आमचे तारण झाले' हे पानोपानी येतं. माझ्या डोक्यात तारण म्हणजे सोनेतारण कर्ज, लक्ष्मी रोडवरच्या पाट्यांवरचं. त्याजागी 'रक्षण' करावं का? दुसरं, 'दया व कृपा' ही जोडी. एक शब्द उडवला तर काही बिघडेल का? तिसरं सगळ्यात अवघड: 'प्रभूने आपला जीव खंडणी म्हणून दिला'. रोज पेपरात खंडणीविरोधी पथकाच्या बातम्या वाचणारा माणूस इथे दचकणारच. लेखकाच्या हातून भलताच शब्द पडलाय का?

कॅम्पकर
पेन्सिल खाली ठेवा साहेब, तिन्ही शब्द जागच्या जागी आहेत. 'खंडणी' आजोबांनी शोधलेली नाही, ती बायबलातली आहे. मार्कच्या शुभवर्तमानात १०:४५ काढा. मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं येशू स्वतः म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन'. गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेली रक्कम असा त्याचा बाजारातला साधा अर्थ.

आता खंडणीचा आपला जुना अर्थ बघा. मराठी दप्तरांत खंडणी म्हणजे ठरवून घेतलेली रक्कम. ती भरली की गाव लुटीतून वाचायचं. 'खंडाने जमीन कसायला घेणं' यातला खंडसुद्धा असाच, ठरलेल्या रकमेचा. भाषांतरकारांपुढे हा अर्थ होता. आज त्या शब्दात फक्त धमकावणारा उरला. पैसे भरणारा आणि त्यामुळे सुटणारा, दोघेही त्यातून गायब झाले.

बिबवेवाडी_बसथांबा
बरं, पण मग खंडणी दिली कोणाला? हा प्रश्न मी आमच्या पाळकसाहेबांना विचारला होता, तेव्हा ते हसले आणि 'पुढच्या रविवारी' म्हणाले.

कॅम्पकर
पाळकसाहेबांना दोष देऊ नका, चर्च या प्रश्नावर शतकानुशतकं भांडलंय. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन म्हणायचा की माणूस सैतानाच्या ताब्यात होता, म्हणून किंमत सैतानाला गेली. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मगुरूला हे अजिबात पटलं नाही: दरोडेखोराला देवाने देवच मोबदला म्हणून द्यायचा? पुढे अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने हिशेब उलटा मांडला. देणं सैतानाचं नाहीच, माणसाने देवाचा मान राखला नाही ते देणं आहे, आणि माणसाला ते फेडता येत नाही म्हणून देवालाच माणूस व्हावं लागलं.

मला विचाराल तर मार्कमधल्या त्या वाक्यात 'कोणाला' हा शब्दच नाही. 'कोणासाठी' तेवढं सांगितलंय. मी तिथेच थांबतो.

शब्दपाखरू
'तारण'बद्दल मी बोलते. धातू संस्कृतचा 'तॄ', म्हणजे पार जाणं. त्यातून तरणे, तारणे, तारू, तारक, तीर्थ, इतकंच काय अवतार आणि उतारसुद्धा. स्वतः पार जाणारा तरतो, दुसऱ्याला पार नेणारा तारतो. 'तारणे' हे प्रयोजक रूप आहे आणि ख्रिस्ती मराठीने नेमकं तेच उचललं. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणताना आपणही हाच अर्थ वापरतो, फक्त त्याचं नाम करताना आपल्याला बँक आठवते. कर्ज बुडायची वेळ आली तर सावकाराचा पैसा जी वस्तू तारून नेते ती तारण, अशी माझी समजूत आहे. म्हणजे दोन्ही अर्थांत बुडण्याची भीती आहेच.

'रक्षण' मुळीच करू नका. रक्षण बुडण्याआधीचं, तारण बुडू लागल्यावरचं. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात योसेफाला सांगितलं जातं की मुलाचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. तिथे 'कारण' का आहे, तर येशू या हिब्रू नावातच तारण्याचा धातू आहे. झावळ्यांच्या रविवारी 'होसान्ना' म्हणतात, त्यातही तोच धातू आहे. 'आता तार' अशी ती हाक.

जुना_बाजार
मधेच एक पिंक टाकतो. एवढी ओढाताण कशाला? मोक्ष, मुक्ती, उद्धार असे घरचे शब्द असताना मिशनऱ्यांनी मुद्दाम वेगळी मराठी बनवली, असं माझं जुनं मत आहे.

शब्दपाखरू
अहो, 'तारण' काय परदेशातून आणलं का? आणि 'उद्धार' पुणेकराच्या तोंडी कसा येतो ते आठवा: 'सात पिढ्यांचा उद्धार केला'. स्मरणपुस्तिकेत ही जोखीम कोण घेईल!

गंमत म्हणजे घरचे शब्द घेण्याचा प्रयोगही झालाय, तोही फार लवकर. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण पाहा. ओव्यांत आहे आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणतं. पुण्यात आज वैकुंठ म्हटलं की नवी पेठेतली स्मशानभूमी आठवते, ते सोडा. आणि इथलंच उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. नंतर दुष्काळातल्या मुली आणून त्यांनी दौंडजवळ केडगावला जी वसाहत उभी केली तिचं नाव 'मुक्ती', आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठीच्या घराचं 'कृपा सदन'. म्हणजे मुक्ती हा शब्द ख्रिस्ती मराठीने टाकलेला नाही.

मोक्षाचं मात्र वेगळं आहे. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं येतं. ख्रिस्ती श्रद्धेत तो फेराच नाही, जन्म एकच. सुटायचं ते पापातून आणि मरणाच्या सत्तेतून. मोक्ष लिहिला की वाचक फेरा गृहीत धरतो आणि पुढचं सगळं चुकीचं वाचतो.

जुना_बाजार
वैकुंठाचं ठाऊक नव्हतं. बाकी पटलं असं नाही, पण ऐकतोय.

क्वार्टरगेटची
आता दया आणि कृपा. मी सिटी चर्चला जाणारी, म्हणजे कॅथलिक. आमच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सुरुवातीलाच 'प्रभो, दया कर. ख्रिस्ता, दया कर' येतं. ते ग्रीक 'किरिए एलेइसोन'चं मराठी. लॅटिन मिस्सातसुद्धा ही ओळ ग्रीकच ठेवली होती.

साधा फरक असा सांगतात: जी शिक्षा व्हायला हवी ती न होणं ही दया, ज्या चांगल्या गोष्टीवर आपला हक्क नाही ती मिळणं ही कृपा. येरवड्यातला फाशीचा कैदी राष्ट्रपतींकडे अर्ज करतो तो दयेचा अर्ज. त्याला कृपेचा अर्ज कोणी म्हणत नाही. इब्री लोकांस पत्रात (४:१६) दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत: दया व्हावी आणि ऐनवेळी साहाय्यासाठी कृपा मिळावी म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ या. एक उडवला तर निम्मं वाक्य गेलं. आजोबांना हे वचन पाठ असणार, म्हणून ती जोडी तशी उतरली असेल.

मला खटकतं ते वेगळंच. बोलण्यात दयेला कीव चिकटली आहे. 'मला कोणाची दया नको' हे आपण ताठ मानेने म्हणतो. दया करणारा वर आणि घेणारा खाली, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. बायबलातली दया इतकी कोरडी नाही. हिब्रूत त्यासाठी एक शब्द 'रहामीम', आणि त्याचं नातं 'रेहेम' म्हणजे गर्भाशयाशी. अरबीतून उर्दू-हिंदीत आलेला 'रहम' त्याच कुळातला. दुसरा शब्द 'हेसेद'. त्यात दिलेल्या शब्दाला जागणं आहे, म्हणजे समोरचा करार मोडून बसला तरी आपण न मोडणं. मराठी बायबल त्यासाठी कधी 'दया' वापरतं, कधी 'वात्सल्य'. १३६वं स्तोत्र काढून बघा. २६ ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. तिथे मूळ शब्द हेसेद आहे. निर्मितीपासून मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेपर्यंतचा सगळा इतिहास त्या एका पालुपदावर लावलाय. इथे दयेच्या जागी कीव घालून वाचा बरं, एक ओळसुद्धा उभी राहत नाही.

बिबवेवाडी_बसथांबा
आणि 'कळवळा' विसरलात की! येशूच्या दृष्टांतात जखमी माणसाला बघून परक्या जमातीच्या शोमरोन्याला कळवळा आला. उधळ्या मुलाला लांबून बघून बापाला कळवळा आला. तिथे दया आली असं लिहिलेलं नाही.

क्वार्टरगेटची
अगदी! ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय. आपण 'आतडं तुटतं' म्हणतो तेच. या एका शब्दाबद्दल मी भाषांतरकारांना शंभरपैकी शंभर देईन. देहूच्या तुकोबांनी सांगितलेली लाभाविण प्रीती करणाऱ्या कळवळ्याची जात मराठी कानाला आधीच माहीत होती, त्यामुळे शोमरोनी परका वाटतच नाही.

शनिवारपेठी
सगळ्यांचे आभार. तारण, दया, कृपा तसेच ठेवतो. 'खंडणी'ला तळटीप द्यावी असं वाटतंय. की कुटुंबाला विचारून 'मुक्तीचे मोल' असं काही करावं?

कॅम्पकर
टीप द्या, शब्द बदलू नका. वचन पाठ असलेला वाचक बदललेल्या शब्दावर अडखळेल आणि तुम्हालाच फोन करेल. टीप एका ओळीची पुरे: 'बंदिवान सोडवण्यासाठी भरलेली किंमत'. जागा असेल तर जुन्या करारातली रीतही सांगा. लेवीय २५मध्ये भाऊ गरीब होऊन जमीन विकून बसला तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यायची, असा नियम आहे. रूथच्या गोष्टीत बवाज तेच करतो. गहाण पडलेलं सोडवणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही शेवटी 'आम्हांला वाइटापासून सोडव' हेच साधं क्रियापद आहे.

शनिवारपेठी
उत्तम. जाता जाता एक: पुस्तिकेत 'वल्हांडण सण' आहे. 'वल्हांडण' की 'वलांडण'?

शब्दपाखरू
बायबलात 'वल्हांडण' छापतात, तेच ठेवा. ओलांडणे, वलांडणे यांच्याच घरातला शब्द. मिसरातल्या त्या रात्री ज्या दारांना कोकराचं रक्त लावलं होतं ती घरं ओलांडून नाश पुढे गेला, म्हणून ते नाव. वल्ह्याशी संबंध नाही, तारू आणि तारण एकत्र बघून कोणी तसा जोडलाच तर.

रास्तापेठी
हा सण मुळात आमचा, म्हणून एक भर घालतो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, घरात मराठीच. कोकणातल्या आमच्या जुन्या लोकांमध्ये या सणाचं नाव 'ओलांडणे'वरून नव्हतंच. आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण, अशा अर्थाचं नाव होतं, कारण त्या दिवसांत आंबवलेलं चालत नाही. 'वल्हांडण' आम्हाला छापील मराठीतून भेटलं. तुमच्या पुस्तिकेत तेच बरोबर.